बावीतला सीन

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून मी हे लिहीत नाहीये.

नाही ठेवलात तरी चालेल. मलाही अधूनमधून वाटतं, आपल्याला भास झाला असेल. पण मग मामेभावाच्या मोबाइलमध्ये टिपून ठेवलेले आकडे आठवतात. मामीचा तो चेहरा आठवतो. भास एकाला होतो. एका खोलीत बसलेल्या चौघांना एकाच वेळी तोच भास होत नाही.

म्हणून जसं घडलं तसं सांगते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

२०२३ सालचा नोव्हेंबर. दिवाळीच्या आधीचा रविवार. दुपारचे साडेतीन. जागा अलिबागजवळचं समुद्रकाठचं थळ, माझ्या मामाचं घर.

मी प्राप्ती. अलिबागला एका लॅबमध्ये रक्ततपासणीच्या काउंटरवर बसते. काळूराम माझा सख्खा मामा. आयुष्यभर ट्रक चालवला, आता घरी असतो. जनी मामी, आणि त्यांचा मुलगा जीवन. आम्ही चौघं दर रविवारी एकत्र जेवायचो. जेवण झालं की पडदे ओढायचे, पंखा मोठा करायचा आणि पिक्चर लावायचा.

भुताचा पिक्चर. आणि तोही टुकार.

चांगला असेल तर मामा बंद करायला लावायचा. त्याला हवे असायचे ते चार दिवसांत उरकलेले पिक्चर. ज्यात वटवाघळाला बांधलेली नायलॉनची तंगूस स्वच्छ दिसते. हिरोइन पळायला लागते तेव्हा पायात सँडल, झाडाआड गेली की चप्पल, बाहेर आली की अनवाणी. मेलेल्या माणसाच्या नाकावर माशी बसते आणि तो मेलेला माणूस हळूच मान झटकतो.

"ए पोरी, बग बग! भुताच्या हातात घड्याल!" मामा ओरडायचा. "ड्युटीवर येलेवर जायचंय त्याला!"

मामाचं म्हणणं असं, की चांगल्या पिक्चरमधलं भूत आपल्या मागोमाग घरी येतं. "ह्यांचं भूत कुठं येतंय? त्याचा मुखवटा रस्त्यातच पडंल."

लोकांना हे वेड कळत नाही. मला कळतं. २०२१ मध्ये माझे वडील कोरोनाने हॉस्पिटलमध्येच वारले. शेवटचं बघूही दिलं नाही. तेरावं झाल्यावर मामा मला घरी घेऊन आला आणि काही न बोलता त्याने एक पिक्चर लावला. त्यातलं भूत जिना उतरताना आपल्याच झग्यात पाय अडकून पडतं. तो शॉट त्यांनी तसाच ठेवला होता. मी हसले. महिनाभरात पहिल्यांदा. हसता हसता रडू फुटलं, तरी मामाने पिक्चर थांबवला नाही. आवाज मोठा केला फक्त.

त्या पिक्चरांनी मला सावरलंय. म्हणूनच पुढचं सांगताना जीव जड होतो.

आमच्या घरातला सगळ्यात लाडका पिक्चर होता 'बावडी का बदला'.

लाडका, कारण त्यात मामा होता!

मे २००४. किहीमला एका बंद बंगल्याच्या नारळीच्या वाडीत त्याचं शूटिंग झालं. मामा तेव्हा सामानाचा टेम्पो घेऊन गेला आणि पाच दिवस तिथेच राहिला. माणसं कमी होती, म्हणून त्याला कामंही दिली. पहिल्या दहा मिनिटांत मरणारा वॉचमन मामाच. मातीतून वर येणारा हात मामाचा. आणि शेवटी बावीत दिसणारी हडळ, तीही मामाच. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. हडळीचं काम करणारी बाई बावीत उतरायला तयार होईना, म्हणून मला पांढरी साडी नेसवली, वीग घातला आणि दोराने खाली सोडलं, असं मामा सांगायचा.

तो बावीतला सीन म्हणजे आमचा जीव की प्राण.

कॅमेरा वरून खाली बघतोय. खाली काळं पाणी. पाण्यात हडळ. केस तोंडावर आलेले. ती दोन्ही हात पाण्यावर आपटते. डोकं वर येतं, खाली जातं, परत वर येतं. तोंड उघडतं, मिटतं. वरून भसाड्या आवाजातलं डबिंग, हा हा हा हा.

बारा सेकंद. मग सीन बदलतो.

"हडळीला पोहता येत नाय!" जीवन दर वेळी तोच डायलॉग मारायचा, आणि आम्ही दर वेळी तितकंच हसायचो.

त्यात आणखी एक गंमत होती. हात आपटताना हडळीची उजवी करंगळी ताठ उभी असायची. चहाचा कप धरल्यासारखी.

"बुडताना पन काय नखरा!" मामी म्हणायची. मामा खूश व्हायचा. कॉलर ताठ करायचा.

एकोणीस वर्षं आम्ही त्या सीनला हसलो. आमच्याकडे त्याची सीडी होती. घासून घासून इतकी खराब झाली होती की माणसांचे नुसते ठिपके दिसायचे.

त्या रविवारी जीवन म्हणाला, "बाबा, सरप्राइज हाय." कुणीतरी तो पिक्चर इंटरनेटवर टाकला होता. स्वच्छ प्रिंट. जीवनने मोबाइल टीव्हीला जोडला.

पहिला दीड तास धमाल गेली. कधी न दिसलेल्या चुका दिसल्या. मामीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून हसून.

मग तो सीन आला.

काळं पाणी. हात वर आले. जीवनने डायलॉग मारायला तोंड उघडलं...

आणि टीव्हीवरचं हसणं बंद झालं.

आवाज गेला असं नाही. हा हा हा हा तेवढं नाहीसं झालं. त्याच्या खालचा आवाज राहिला.

पाण्याचा.

थप्... थप्... थप्...

सगळ्यात आधी माझं लक्ष हातांकडे गेलं. सीडीवर ते कधी नीट दिसलेच नव्हते. बारीक हात होते. मनगटात हिरव्या बांगड्या. मामाचे हात माझ्या लहानपणापासूनचे ओळखीचे आहेत. जाडजूड, केसाळ, पंजा फावड्याएवढा.

"बांगड्या पण घातल्या होत्यास, मामा?" मी हसत विचारलं.



मी वळून बघितलं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. हसत नव्हता.

सीन बदलला. तोच... मागच्या मोरीतून आवाज आला.

थप्... थप्...

मामी उठली. मोरीत गेली. लगेच परत आली.

"नल बंद हाय," ती म्हणाली. "बादली पन कोरडी हाय."

"जीवन," मामा म्हणाला, "बंद कर ते."

जीवनने बंद केलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात क्रिकेट चाललं होतं. त्या मुलांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं.

मामा जमिनीकडे बघायला लागला. मग म्हणाला,

"तो मी न्हाय."

"म्हणजे?"

"मी बावीत उतरलोच न्हवतो."

खरं काय ते त्याने त्या दिवशी सांगितलं. त्याला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. थळसारख्या गावात राहून पाण्याला भितो हे सांगायची लाज वाटायची. त्या दिवशी दोर बांधला, साडी नेसवली, आणि त्याने बावीत वाकून बघितलं.  जेवणाच्या सुट्टीत साडी फेडून ठेवली आणि टेम्पो तिथेच सोडून तो गुपचूप घरी निघून आला. पुढे पिक्चर आला, त्यात तो सीन होता. मुंबईला दुसऱ्या कुणाला घेऊन केला असेल असं त्याला वाटलं.

"तोंड झाकलेलं. कोन ओलखनार? तुमी सगली हसलात, मना शाबासकी दिलीत. मग मी पन बोललो, मीच तो." त्याने मामीकडे बघितलं. "एकदा खोटं बोललो, ते बोलतच रायलो."

 मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मग ही कोण?" मी विचारलं.

"मना ठाव न्हाय."

जीवनने तो सीन पुन्हा लावला. मी नको म्हणत होते, पण त्याला खात्री करायची होती. या वेळी डबिंगचं हसणं होतं. सगळं नेहमीसारखं होतं. मला हायसं वाटलं.

पण जीवन कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"हा सीन बारा सेकंदांचा ना?"

त्याने परत लावला. या वेळी दुसऱ्या मोबाइलवर वेळ मोजला. टीव्हीवरच्या पट्टीवर आकडा बारा सेकंदच पुढे सरकला. पण जीवनच्या मोबाइलवर...

सतरा सेकंद झाले होते.

पुन्हा लावला. अठरा.

पिक्चर संथ झाला नव्हता. ती बाई पाच-सहा सेकंद जास्त हात आपटत होती, एवढंच.

जीवनने आकडे टिपून ठेवले. तारीख, वेळ, सेकंद. अजून आहेत त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मामाने बाळाजीला फोन लावला. बाळाजी त्या शूटिंगला कॅमेऱ्याच्या माणसाचा मदतनीस होता. हल्ली पेणला मंडप-डेकोरेशनचं काम करतो. मामाने फोन स्पीकरवर ठेवला.

"बावीतला सीन?" बाळाजी हसला. "अरे, तू पळालास म्हणून साहेब तुझ्या नावाने शिव्या देत बसले. सीन रद्द केला. दोनच्या आधी कॅमेरा पेटीत गेला. पेटी मीच बंद केली."

"मग पिच्चरमदी कसा आला?"

"मुंबईला केला असेल."

"बाळाजी, ती बाव तीच हाय. काठावरचं उंबराचं झाड दिसतंय. तुटका रहाट दिसतोय."



मग बाळाजी म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी संध्याकाळी ती भांडीवाली बाई आलीच नाही. गोदू. बावीवरून पाणी भरायची आपल्याकडे. आम्ही खरकटी भांडी तशीच टेम्पोत टाकून गेलो."

मामाने फोन ठेवला. 

गोदूला तो विसरला नव्हता. तिशीतली, नवऱ्याने टाकलेली बाई. किहीमला बंगल्याच्या मागेच झोपडी. शूटिंगवाल्यांचं पाणी भरायची, भांडी घासायची. एक लहान मुलगी बरोबर यायची. शूटिंग संपलं त्याच आठवड्यात गावात बोललं गेलं, की गोदू पळाली. सिनेमावाल्यांपैकी कुणाबरोबर तरी मुंबईला गेली. पोरीला टाकून.

मामाने ते ऐकलं होतं. पटलंही होतं.

ती मुलगी म्हणजे राही. आता अठ्ठावीस वर्षांची आहे. किहीमला पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवते. चौकशी केल्यावर एका तासात पत्ता मिळाला.

आम्ही गुरुवारी गेलो. मी, मामा आणि जीवन. दुपारचं जेवण आटोपून ती मासळीची परात घासत होती. काय बोलायचं, हे आम्ही गाडीत तीनदा ठरवलं होतं. तिच्यासमोर उभं राहिल्यावर मामा आणि जीवन माझ्याकडे बघायला लागले.

शेवटी मीच विचारलं, "राही, तुझ्या आईचा एखादा फोटो आहे का?"

तिचा चेहरा एकदम कठोर झाला.

"कशाला पायजे? न्हाय माज्याकडे. एक पन न्हाय."

"तिच्या हातात हिरव्या बांगड्या असायच्या?" मामाने विचारलं.

"सगल्याच बायकांच्या असतात."

"तिची करंगली..."

राहीने परात खाली ठेवली.

"उजवी," ती म्हणाली. "खडकावरची कालवं काढताना कोयता लागला होता. शीर तुटली. वाकायची न्हाय ती करंगली. तुमाला कसं ठाव?"

जीवनने मोबाइल पुढे केला. मी त्याचा हात धरायला गेले. पण तिने मोबाइल घेतला होता.

तिने तो सीन बघितला. डबिंगचं हसणं त्या छोट्याशा पडवीत घुमत होतं. हा हा हा हा.

माझी मान वर होईना. एकोणीस वर्षं आम्ही कशाला हसत होतो, ते मला त्या क्षणी कळलं.

राही रडली नाही. ओरडली नाही.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावलं.

"परत."

पाचव्यांदा बघून झाल्यावर तिने मोबाइल मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ती पलून गेली न्हवती."

मामा पायरीवर बसला.

"मी नऊ वर्सांची होते," राही म्हणाली. "लोकं बोलायची, तुजी आई तशी होती. मी पन तिला शिव्या घातल्या. रोज घातल्या." मग ती मोबाइलवर सीनखालचा मजकूर वाचायला लागली. तिथे लोकांनी लिहिलं होतं. भुतालाच पोहता येत नाही. करंगळीला पुरस्कार द्या. हसून हसून पोट दुखलं.

"ताई," तिने मला विचारलं, "ही सगली का हसतात?"



त्याच दिवशी आम्ही तो बंगला शोधला. जुना पाडून नवा बांधलाय. वॉचमन म्हणाला, बाव दहा-बारा वर्षांपूर्वीच बुजवली. तिच्यावर आता फरशी आहे. गाड्या उभ्या राहतात. मालक परदेशात. राही त्या फरशीवर उन्हात उभी राहिली. पाय भाजत असतील. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीवर गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, दाखवा बघू. जीवनने सीन लावला.

साहेब हसले.

त्यांनी लगेच हाताने तोंड झाकलं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याला हसू आवरलं नाही. त्या सीनला कुणालाच आवरत नाही.

"अहो ताई, हा पिक्चर आहे," ते म्हणाले. "बाव बुजलेली. पिक्चरवाला हयात नाही. मी फरशी कशाच्या जोरावर फोडायला सांगू?"

त्यांनी अर्ज मात्र ठेवून घेतला.

त्यानंतरचा रविवार आला. दिवाळीचाच दिवस. मामीने विचारलं, जेवायला येनार ना? मी गेले. पिक्चर लावायचा नाही असं ठरलं होतं. फराळाचं ताट मध्ये होतं. कुणी हात लावत नव्हतं. टीव्ही बंद होता. मोबाइल जोडलेला नव्हता.

साडेतीन वाजले...

टीव्हीतून आवाज आला.

थप्... थप्...

पडदा काळाच होता. आधी वाटलं बंदच आहे. मग त्या काळ्यात काहीतरी हललं, आणि कळलं की ते पाणी आहे.

जीवनने बटण दाबलं. प्लग ओढून काढला. प्लग त्याच्या हातात होता आणि पडद्यावर ते दोन हात वर येत होते.

या वेळी डबिंगचं हसणं नव्हतंच. आणि तोंड उघडलं तेव्हा... आवाज आला.

बारीक. लांबून आल्यासारखा.

"दोर... दोर टाका रं कोनी..."

मामीने दोन्ही हातांनी कान झाकले.

मामा उठला. मागच्या दाराने गेला. मला वाटलं, त्याला सहन होईना म्हणून बाहेर पडला. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ट्रकवरची ताडपत्री बांधायचा जाड दोर होता. त्याने त्याला फास केला. टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला.

"आलो, गोदू," तो म्हणाला. "आलो गं."

आणि त्याने दोर टाकला.

तो काचेवर आपटला आणि खाली पडला. मामाने उचलला. परत टाकला. परत पडला. कुठल्याही टुकार पिक्चरमध्ये शोभला असता असा तो सीन होता. एक म्हातारा माणूस टीव्हीला दोर टाकतोय.

आम्ही तिघं बघत होतो. कुणी त्याला थांबवलं नाही. थांबवून काय सांगणार होतो?

आतले हात आता तेवढ्या जोरात आपटत नव्हते. ती दमली होती.

पडदा विझला. जीवनने मोजलं होतं. एकतीस सेकंद.

त्या दिवशी रात्रभर विचार करून जीवनने एक गोष्ट शोधली. आम्ही पहिल्यांदा लावला तेव्हा तो पिक्चर जेमतेम तीनशे लोकांनी पाहिला होता. आता कुणीतरी नेमका तेवढाच सीन कापून वेगळा टाकला होता. 'जगातली सगळ्यात वाईट ॲक्टिंग' या नावाने. चाळीस हजार लोकांनी पाहिला होता.

"जेवढी लोकं बघतात, तेवढा सीन वाढतो," जीवन म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे दर वेळी कोण तरी लावतं, आणि तिला परत..."



आम्ही तक्रारी केल्या. चौघांच्या मोबाइलवरून. ओळखीच्यांना करायला लावल्या. एक काढला गेला. दुसऱ्या दिवशी तीन नवीन आले. एकात खाली गाणं लावलं होतं. एकात करंगळीभोवती लाल गोल काढला होता. आम्ही खाली लिहिलं, ही खरी बाई आहे, ती खरंच बुडते आहे, बघू नका. त्या वाक्याखालीही लोक हसले. ते वाचून आणखी लोक बघायला आले.

मग एक दिवस राहीचा फोन आला.

"ताई, तुमी ते काढायला सांगताय का?"

"हो. प्रयत्न करतोय."

"सगलं नका काढू. माज्याकडे फोटो न्हाय ना तिचा. दुसरं कायच न्हाय."

मी तिला सांगितलं. सेकंदांचं सगळं सांगितलं. ती जेवढं बघेल तेवढं आईला भोगावं लागेल, हेही सांगितलं. असं कुणाला सांगायची वेळ माझ्यावर यायला नको होती.



"एकदा तिनं डोल्यावरचे केस बाजूला केले," राही म्हणाली. "अर्धा चेहरा दिसला. मी विसरले होते तिचा चेहरा."

मला कळलं, ती रोज बघत होती. तिला थांबव म्हणायचा मला काय हक्क? मी एकोणीस वर्षं फुकट हसले होते.

मामा आता टीव्हीच्या खोलीत येत नाही. मागच्या पडवीत बसतो. दोर शेजारी असतो. दुपारचे तीन वाजले की त्याचा हात आपोआप दोरावर जातो. मामी त्याला चहा देते, तो थंड होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्यांनी काही फरक नाही.

आम्ही हसायचं सोडलंय असं नाही. पण पूर्वीसारखं हसता येत नाही. एखादं काही विनोदी दिसलं, की आधी नीट बघून घ्यावंसं वाटतं.

शेवटचं सांगते आणि थांबते.

गेल्या महिन्यात मी मुंबईहून मांडव्याला लाँचने येत होते. भर दुपार होती. समोरच्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. एकाच मोबाइलवर दोघी वाकून बघत होत्या. खूप हसत होत्या.

इंजिनाच्या आवाजातही मला ते ओळखू आलं. हा हा हा हा.

मी घड्याळाकडे बघितलं. सवयच लागली आहे.

चाळीस सेकंद. पन्नास. एक मिनिट.

"किती वेळ बुडते गं ही!" एक म्हणाली. दोघी परत हसल्या.

मला उठायचं होतं. त्यांच्या हातातून तो मोबाइल घ्यायचा होता. पण काय सांगू? त्याही हसल्याच असत्या. मीसुद्धा हसले असते, त्यांच्या वयाची असताना.

दीड मिनिट. मुली हसायच्या थांबल्या.

"अगं, हात कुठे गेले?"

"थांब, येईल वर."

दोघी वाट बघत होत्या. मीही बघत होते. मांडव्याचा धक्का दिसायला लागला होता. लोक उठून बॅगा घ्यायला लागले.

"नुसतं पाणीच दिसतंय," पहिली म्हणाली.

"संपलं का?"

"नाही गं. चालू आहे अजून."

धक्क्यावर उतरल्यावर मी राहीला फोन लावला. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"बोला, ताई," ती म्हणाली. "मी आता बघायलाच बसनार होते."

मला सांगता आलं नाही.

मी विचारलं, जेवलीस का.